पट्टीचा हिशोब पायथन ३ वर नेताना: प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२४

३ जून २०२४, सोमवार. दापोली

परवापासून मासेमारी बंदी लागू झाली. ३१ जुलैपर्यंतच्या या ६१ दिवसांत यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत, त्यामुळे बंदरावर लिलाव नसतो, आणि लिलाव नसला की पट्ट्याही, म्हणजे विक्रीच्या आणि वाटपाच्या हिशोबाच्या छापील चिठ्ठ्याही, निघत नाहीत. ज्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या हिशोबप्रणालीची देखभाल आमच्याकडे आहे, तिच्या प्रणालीला निर्धास्तपणे हात लावता येईल अशी वर्षातली ही एकच सवड असते, म्हणून कामाला आजच सुरुवात केली.

प्रणाली २००९ मध्ये पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या २.६ आवृत्तीवर लिहिली गेली आणि पुढे २.७ वर आली. एकूण ७१ फाइली आणि सुमारे १८,४०० ओळी आहेत. ज्यांनी ती लिहिली ते गृहस्थ आता या व्यवसायात नाहीत. मात्र त्यांनी कोडमध्ये मराठीत लिहून ठेवलेल्या टिपा आहेत आणि त्या अनेक ठिकाणी कोडपेक्षा अधिक सांगतात. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेली २.७.१८ ही शेवटची आवृत्ती ठरली, आणि संस्थेच्या ज्या संगणकावर प्रणाली चालते त्याची हार्ड डिस्क आता आवाज करू लागली आहे. नव्या संगणकावर पायथन ३.१२ आहे.

सगळे नव्याने लिहिण्याचा विचार आम्ही पहिल्याच बैठकीत सोडून दिला. पंधरा वर्षांत सभेच्या ठरावांनुसार झालेले बारीक बदल या कोडमध्ये मुरलेले आहेत आणि त्यांपैकी निम्म्यांची नोंद इतरत्र कोठेही नाही. म्हणून बदल शक्य तितका यंत्राकडून, म्हणजे कोडचे रूपांतर करणाऱ्या साधनांकडून, करून घ्यायचा असे ठरले. काटेकोर अर्थाने याला रिफॅक्टरिंग म्हणता येणार नाही, कारण खालची भाषाच बदलते आहे. पण अट तीच आहे. इलिनॉय विद्यापीठात विल्यम ऑपडाइक यांनी १९९२ च्या प्रबंधात ही अट नीट मांडली: रचना बदलावी, बाहेरून दिसणारे वर्तन बदलू नये, आणि प्रत्येक बदलाआधी तो सुरक्षित ठरण्याच्या पूर्वअटी तपासाव्यात. त्याच विद्यापीठात जॉन ब्रँट आणि डॉन रॉबर्ट्स यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी केलेला ‘रिफॅक्टरिंग ब्राउझर’ हे अशा साधनांचे आद्य रूप.

निघताना संस्थेचे हिशोबनीस काका एवढेच म्हणाले, “ताई, पडदा कसाही दिसू दे, पण पट्टीवरचा रुपया इकडचा तिकडे होता कामा नये.” पूर्वअट याहून नेमकी सांगता येणार नाही, म्हणून ती येथे जशीच्या तशी नोंदवून ठेवते.

५ जून, बुधवार

साधनांना हात लावण्याआधी सध्याचे वर्तन गोठवून ठेवले. मागील दोन हंगामांतील लिलावाच्या ४१,३१२ पट्ट्या आणि मासेमारीच्या फेरीअखेरीस खलाशांत होणाऱ्या वाटपाच्या ९,६४० पट्ट्या, अशा एकूण ५०,९५२ पट्ट्यांची मूळ आकडेवारी जुन्या प्रणालीला पुन्हा खाऊ घातली आणि निघालेली प्रत्येक पट्टी बाइटसकट जपून ठेवली. याला आम्ही ‘प्रमाण प्रत’ म्हणतो. यापुढील प्रत्येक बदलानंतर याच नोंदी पुन्हा चालवायच्या आणि निकाल प्रमाण प्रतीशी ताडून पाहायचा. प्रणालीला स्वतःच्या चाचण्या नव्हत्या; दोन हंगामांतली खरी मासळी हीच आमची चाचणी.

७ जून, शुक्रवार

मोसमी पाऊस काल रत्नागिरीपर्यंत पोहोचला. दुपारभर वीज नव्हती, तेव्हा पद्धतीवर बोलणे झाले.

सहकाऱ्याचे म्हणणे असे की, बरेचसे बदल ‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या साधनाने शोधा-बदला करून होतील. मला ते मान्य नाही आणि कारण आमच्याच कोडमध्ये आहे. भागाकाराची तिरपी रेघ रकमेच्या सूत्रात येते, फाइलीच्या पत्त्यात येते, ‘१२/०८’ अशा तारखेत येते आणि टिपांतही येते. अक्षरे शोधणाऱ्याला या चारही रेघा सारख्याच. कोडचे व्याकरण ओळखून त्याचे वृक्षरूप बांधणाऱ्या साधनालाच यांतली क्रिया कोणती आणि नुसता मजकूर कोणता हे कळते.

वृक्षही दोन प्रकारचे असतात आणि आमच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. पायथनच्या स्वतःच्या ‘एएसटी’ या अमूर्त वृक्षात टिपा, रिकाम्या ओळी आणि कंस राहत नाहीत. त्यावरून कोड पुन्हा लिहून काढला तर तो चालेल, पण मूळ लेखकाच्या टिपा नाहीशा होतील. वाटपाच्या फाइलीत एका ओळीवर ‘बर्फाचे पैसे आधी वजा, मग दलाली, उलट करू नये, सभेत वाद झाला होता’ अशी टीप आहे. ही टीप गमावणारे साधन मी वापरणार नाही. पायथन २ चा कोड पायथन ३ मध्ये नेणारे ‘टू-टू-थ्री’ ज्या ‘लिब-टू-टू-थ्री’वर उभे आहे ते, आणि इन्स्टाग्रामच्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये खुले केलेले ‘लिब-सीएसटी’, ही दोन्ही साधने मोकळ्या जागेसह प्रत्येक चिन्ह राखणारा मूर्त वृक्ष बांधतात. जावासाठीचे ‘ओपनरीराइट’ही याच मार्गाने जाते. आमचा कोड पायथन २ मधला असल्याने पहिला टप्पा ‘टू-टू-थ्री’चाच राहील, कारण ‘लिब-सीएसटी’ला पायथन २ चे व्याकरण वाचता येत नाही. येथे एक सावधगिरी नोंदवते: ‘लिब-टू-टू-थ्री’ पायथन ३.१३ मधून काढून टाकले जाणार आहे, त्यामुळे हा टप्पा ३.१२ वरच पूर्ण झाला पाहिजे.

११ जून, मंगळवार

रूपांतराआधी भागाकार हाती घेतला. सर्वांत मोठा धोका येथेच आहे आणि ‘टू-टू-थ्री’ त्याला हातही लावत नाही.

पायथन २ मध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो: ७ ला २ ने भागले की ३. पायथन ३ मध्ये तीच रेघ ३.५ देते आणि जुन्या वर्तनासाठी दुहेरी रेघ वापरावी लागते. हा बदल २००१ सालच्या ‘पेप २३८’ या पायथनच्या बदल-प्रस्तावात ठरला आणि दुहेरी रेघ तेव्हापासून, म्हणजे पायथन २.२ पासून, उपलब्ध आहे. कोणती रेघ दुहेरी करावी हे साधनाला कोड वाचून कळत नाही, कारण रकमेच्या जागी पूर्णांक येणार की अपूर्णांक हे पायथनमध्ये कोठेही लिहिलेले नसते. जावासारख्या भाषेत प्रत्येक चलाचा प्रकार आधीच जाहीर असतो, म्हणून तेथील साधने असे निर्णय पुष्कळ अधिक खात्रीने घेऊ शकतात.

तरीही उत्तर मिळवता येते, ते कोड चालवून. पायथन २ मध्ये ‘क्यू-वॉर्न-ऑल’ नावाचा एक पर्याय आहे. तो लावून प्रणाली चालवली की जेथे जेथे जुन्या पद्धतीचा भागाकार होतो तेथे ओळ क्रमांकासह आणि संख्यांच्या प्रकारासह सूचना छापली जाते. या सूचना वाचून कोडची दुरुस्ती सुचवणारी ‘फिक्सडिव्ह’ नावाची एक छोटी स्क्रिप्टही पायथन २ च्या मूळ कोडसोबतच मिळते. दोन हंगामांची सगळी आकडेवारी या पर्यायासह चालवली. त्याला पाऊण दिवस लागला.

एकूण २१४ भागाकारांपैकी १३१ ठिकाणी फक्त अपूर्णांक आले, ५२ ठिकाणी फक्त पूर्णांक आले, २२ ठिकाणी कोड एकदाही पोहोचला नाही, आणि ९ ठिकाणी कधी पूर्णांक तर कधी अपूर्णांक आले.

पहिल्या १३१ ना काही करायचे नाही. ५२ ठिकाणी स्क्रिप्टने दुहेरी रेघ सुचवली. एकाच ओळीत दोन भागाकार होते तेवढ्या ओळी हाताने तपासल्या. हा बदल पायथन २ मध्येही वैध असल्याने तो जुन्याच संगणकावर लागू करून पट्ट्या ताडल्या आणि एकाही बाइटचा फरक आला नाही. भाषा बदलण्याआधीच धोक्याचा मोठा भाग संपवता आला, याचे मला फार समाधान आहे. न पोहोचलेल्या २२ जागा उद्या दोघे मिळून वाचू.

१४ जून, शुक्रवार

त्या ९ जागांपैकी ६ निरुपद्रवी निघाल्या, कारण भागाकारानंतर लगेच उत्तराचा पूर्णांक केला जातो. सातवी जागा बर्फाच्या सरासरी दराच्या अहवालातली आहे. उरलेल्या दोन वाटपाच्या आहेत, आणि त्या पाहिल्यापासून मन लागत नाही.

फेरीची निव्वळ रक्कम वाट्यांच्या संख्येने भागून एका वाट्याची रक्कम काढली जाते. रक्कम साठवताना मूळ लेखकाने पैसे नसतील तर ती पूर्णांक म्हणून आणि पैसे असतील तर अपूर्णांक म्हणून ठेवली आहे. परिणाम असा की, निव्वळ रक्कम ८,४५० रुपये ५० पैसे असेल तर ११ वाट्यांना पैशांपर्यंत बरोबर रक्कम मिळते. पण ती नेमकी ८,४५० रुपये असेल तर प्रत्येक वाट्याला ७६८ रुपये मिळतात आणि २ रुपये उरतात. हे उरलेले रुपये ‘किरकोळ जमा’ खात्यात जातात, त्यामुळे ताळेबंद जुळतो आणि लेखापरीक्षणात कधी काही दिसले नाही. कोणी जाणून केलेले नाही. पण खलाशांच्या वाट्यातून पंधरा वर्षे हे रुपये निघत राहिले आहेत.

सहकाऱ्याचा आग्रह होता की साधी रेघ तशीच ठेवावी. पायथन ३ मध्ये ती आपोआप ‘बरोबर’ उत्तर देईल. मला चूक दुरुस्त व्हावी असे त्याच्याइतकेच वाटते, तरी मी नकार दिला. आज जर स्थलांतराच्या ओघात वाटपाचे आकडे बदलले, तर ताळमेळात येणाऱ्या शेकडो फरकांपैकी कोणता फरक न्यायाचा आणि कोणता आमच्या चुकीचा हे ओळखता येणार नाही. शिवाय संस्थेच्या पैशाची वाटणी बदलण्याचा अधिकार आमचा नाही. म्हणून या नऊ जागांसाठी ‘जुना भागाकार’ नावाचे एक फंक्शन लिहिले. दोन्ही संख्या पूर्णांक असतील तर ते दुहेरी रेघ वापरते, एरवी साधी. चूक तशीच राहिली, पण आता तिला नाव आहे आणि ती शोधली की सापडते. दोन हंगामांत नेमका किती फरक पडला त्याची नौकावार यादी करायला घेतली आहे.

१८ जून, मंगळवार

आज ‘टू-टू-थ्री’. काही सांगितले नाही तर हे साधन फक्त फरक दाखवते, फाइल बदलत नाही. ही त्याची सवय आम्हाला आवडली. सगळे नियम एकदम लागू केल्यावर निघालेला फरक कोणाही माणसाला तपासता येण्याच्या पलीकडचा होता. म्हणून एक नियम, एक कमिट (कोडच्या इतिहासातली बदलाची एक स्वतंत्र नोंद) असे ठरवले: आधी प्रिंटचा, म्हणजे छापण्याच्या आज्ञेचा नियम, मग एक्सेप्टचा, मग ‘हॅज-की’चा, मग एक्सरेंजचा, याप्रमाणे. एकाच प्रकारचा बदल चारशे वेळा पाहताना डोळा सरावतो आणि वेगळा दिसणारा एखादा बदल चटकन खटकतो. चारशे प्रकारचे बदल एकेकदा पाहताना तसे होत नाही.

डिक्शनरीच्या, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्या ठेवणाऱ्या रचनेच्या, नियमाने बऱ्याच ठिकाणी भोवती ‘लिस्ट’ गुंडाळले. ते अनेकदा अनावश्यक असते, पण चुकीचे नसते, आणि साधनाने शंका असताना सावध बाजू घ्यावी हेच बरे. अनावश्यक ‘लिस्ट’ नंतर सवडीने काढू.

दोन फाइलींत टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ होती. पायथन २ टॅबला आठ रकाने धरून चालवून घेत असे आणि ‘टू-टू-थ्री’ही त्यावर काही बोलले नाही, पायथन ३ ने मात्र फाइल उघडताच चूक दाखवली. अशी मोठ्याने बोलणारी चूक आम्हाला चालते. भीती न बोलणाऱ्या चुकांची आहे.

१९ जून, बुधवार

आमच्याकडून एक चूक झाली. अहवालांच्या फोल्डरवर प्रिंटचा नियम काल संध्याकाळी लागू झाला होता, आणि आज सकाळी तो पुन्हा लागू केला गेला. पहिल्या फेरीनंतर कंसात आलेल्या दोन मजकुरांना साधनाने दुसऱ्या फेरीत जुन्या पद्धतीचा प्रिंट आणि त्यापुढची एक जोडी समजून आणखी एक कंस घातला. कोड बिनतक्रार चालला, पण अहवालात ‘सुरमई’ या शब्दाभोवती कंस, अवतरणचिन्हे आणि स्वल्पविराम छापले गेले. बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधून मागे जाऊन फोल्डर पूर्ववत केले. आधीच रूपांतरित फाइलींसाठी प्रिंट हे फंक्शन आहे असे साधनाला सांगण्याचा पर्याय असतो, तो आता नोंदवून ठेवला आहे. आणि कोणत्या फाइलीवर कोणता नियम लागू झाला याची यादी कमिटच्या संदेशातच लिहायची असे ठरवले.

२५ जून, मंगळवार

पायथन ३ वर सर्व पट्ट्या आज पहिल्यांदा पूर्ण चालल्या. प्रमाण प्रतीशी ताडल्यावर मोकळ्या जागांचे फरक वगळूनही ९,१३४ लिलावपट्ट्यांत फरक निघाला, आणि पहिली शंभर पाहताच बहुतेकांचे कारण एकच दिसले: दलाली एका रुपयाने कमी.

८,२५० रुपयांच्या मासळीवर शेकडा ५ प्रमाणे दलाली ४१२ रुपये ५० पैसे होते. पायथन २ चे ‘राउंड’ हे पूर्णांकन करणारे फंक्शन अर्ध्याला शून्यापासून दूर नेते, म्हणून ४१३. पायथन ३ चे ‘राउंड’ अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेते, म्हणून ४१२. हीच रक्कम ८,२७० असती तर दलाली ४१३ रुपये ५० पैसे आणि दोन्हीकडे उत्तर ४१४. म्हणजे निम्म्या वेळा फरक दिसतच नाही, आणि चार-दोन पट्ट्यांवर तपासून समाधान मानले असते तर तो निसटला असता. येथे लिलावाचे आकडे दहाच्या पटीत बोलले जातात, त्यामुळे दलालीत पन्नास पैसे येणे हा आमच्याकडे अपवाद नसून नेहमीचा प्रसंग आहे.

उपाय म्हणून दशांश हिशोबासाठीचे पायथनचे डेसिमल मॉड्यूल वापरून जुन्या रीतीने पूर्णांकन करणारे फंक्शन लिहिले आणि सर्व ‘राउंड’ त्याकडे वळवण्यासाठी ‘लिब-सीएसटी’मध्ये आमचा पहिला रूपांतर-नियम लिहिला. येथे एक गोष्ट आढळली. मूळ लेखकाने नौकेच्या फेरीलाही इंग्रजीत ‘राउंड’ असेच नाव दिले आहे आणि फेऱ्यांच्या फाइलीत त्या नावाचे त्यांचे स्वतःचे फंक्शन आहे. शोधा-बदलाने फेऱ्यांचेही पूर्णांकन केले असते. ‘लिब-सीएसटी’ प्रत्येक नावाचा उगम शोधून देते; नाव पायथनच्या अंगभूत ‘राउंड’कडे जात असेल तरच बदल करायचा, अशी अट एका ओळीत लिहिता आली. ८७ पैकी ६३ ठिकाणी बदल झाला, फेरीच्या २४ जागा अबाधित राहिल्या. सहकाऱ्याने ही यादी छापून भिंतीला लावली आहे, आणि ‘सेड’चा विषय त्यानंतर निघालेला नाही.

यानंतर फरक असलेल्या पट्ट्या: १७.

२ जुलै, मंगळवार

आज मोकळ्या जागांकडे वळलो. मराठी मजकुराचा विषय असल्याने थोडे सविस्तर लिहिते.

पायथन २ मध्ये साधी स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, ही नुसती बाइटांची रांग असते. यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि मात्रा, अनुस्वार व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे असतात. त्यामुळे ‘सुरमई’ची लांबी पायथन २ मध्ये १५ भरते, पायथन ३ मध्ये ५, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांना अक्षरे दिसतात चार. पट्टीवरचा रकाना २४ चा धरला तर जुनी प्रणाली ‘सुरमई’नंतर ९ जागा सोडत असे, नवी १९ सोडते, आणि दोन्हींपैकी एकही मांडणी सरळ येत नाही.

सभासदाचे नाव ३० वर तोडण्याचा प्रकार याहून वाईट होता. नाव सलग देवनागरीत असेल तर ३० बाइटांत नेमकी दहा चिन्हे बसतात. पण नाव आणि आडनाव यांमध्ये एक स्पेस आली, आणि ती प्रत्येकाच्या नावात असतेच, की उरलेल्या २९ बाइटांत नऊ चिन्हे पूर्ण बसतात आणि दहावे मधोमध तुटते. जुन्या पट्ट्यांवर लांब नावांच्या शेवटी दिसणारा चौकोन छपाईयंत्राचा दोष आहे असे सगळे इतकी वर्षे समजत होते.

वर्तन न बदलण्याचा नियम आम्ही येथे जाणीवपूर्वक सोडला. तुटलेली नावे जपण्यात कोणाचेच हित नाही. मात्र हा अपवाद लेखी केला, ताळमेळाच्या कार्यक्रमात मोकळ्या जागा आणि तुटलेले शेवटचे चिन्ह एवढ्याचीच सूट दिली, आणि लांबी मोजण्यासाठी चिन्हांऐवजी पूर्ण अक्षरे मोजणारे फंक्शन लिहिले. हे काम कोणत्याही साधनाने सुचवले नाही. साधनाने एवढी मदत केली की लांबी मोजणाऱ्या आणि मजकूर तोडणाऱ्या सर्व जागांची यादी त्याच्याकडून मिळाली.

८ जुलै, सोमवार

दोन मोठ्याने बोलणाऱ्या चुका अर्ध्या दिवसात संपल्या. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या) फाइली बाइट म्हणून उघडल्या जात होत्या, त्या मजकूर म्हणून उघडल्या. नोंदणीची तारीख नसलेल्या नौका यादीत आपोआप सर्वांत वर येत असत, कारण पायथन २ मध्ये ‘नन’, म्हणजे रिकामी किंमत, कशाहीपेक्षा लहान धरले जाते. पायथन ३ अशी तुलनाच नाकारते. क्रम लावण्याचा नियम स्पष्ट लिहिला.

१२ जुलै, शुक्रवार

सहकाऱ्याने विचारले की हे काम भाषा-मॉडेलवर चालणाऱ्या सहायकाकडून का करून घेऊ नये. प्रश्न रास्त आहे, म्हणून मूळ कोडच्या तीन फाइली देऊन पाहिल्या. निघालेला कोड वाचायला चांगला होता आणि सीएसव्हीची चूक त्याने आपणहून दुरुस्त केली. पण वाटपाच्या फाइलीत त्याने भागाकार काहीही न कळवता बदलला, आणि तीच फाइल दुसऱ्यांदा दिल्यावर थोडे वेगळे उत्तर दिले. नियमावर चालणारे साधन चुकते तेव्हा सर्व ठिकाणी सारखेच चुकते, आणि म्हणून ती चूक एकदा सापडली की सगळीकडची निघते. पैशाच्या कोडसाठी मला हा गुण सोडवत नाही. मात्र ‘लिब-सीएसटी’चे नियम लिहिताना पहिला मसुदा या सहायकाकडून घ्यावा असे ठरले, नियम आम्ही वाचू आणि लागू यंत्र करील.

१५ जुलै, सोमवार

काल विन्हेरे आणि दिवाणखवटी यांच्या दरम्यान दरड कोसळून कोकण रेल्वेची वाहतूक बंद पडली, त्यामुळे मुंबईहून तपासणीसाठी येणारी आमची मैत्रीण खेडपर्यंत पोहोचू शकली नाही. तिने तिकडूनच कमिट वाचायला घेतले. एक नियम, एक कमिट ही शिस्त येथे उपयोगी पडली. कोडची पूर्वओळख नसतानाही तिने एका दिवसात अकरा कमिट तपासून दोन शंका कळवल्या. दोन्ही शंका त्या न पोहोचलेल्या २२ भागाकारांपैकी जागांविषयी होत्या आणि त्यांतली एक खरी ठरली.

२३ जुलै, मंगळवार

उरलेल्या १७ पट्ट्यांचे कारण सापडायला दोन दिवस लागले. रकमा सर्व जुळत होत्या. बर्फ, डिझेल, दलाली अशा कपातींचा छापील क्रम मात्र वेगळा होता. पायथन २ मध्ये डिक्शनरीचा क्रम हॅशवर, म्हणजे नावावरून काढलेल्या अंकावर, अवलंबून असतो, आणि दोन नोंदींची जागा एकच येऊ लागली तर आधी कोण आली यावरही. या १७ पट्ट्यांत कपात उशिरा घातली गेली होती, त्यामुळे जुन्या प्रणालीत त्यांचा क्रम बाकीच्यांपेक्षा वेगळा छापला गेला होता. नव्या प्रणालीत क्रम यादीने ठरवला आहे आणि तो उरलेल्या सर्व पट्ट्यांशी जुळतो. या १७ पट्ट्या क्रमांकासह स्वीकृत फरक म्हणून नोंदवल्या. त्यांव्यतिरिक्त एकाही पट्टीत फरक नाही.

२९ जुलै, सोमवार

संस्थेच्या कार्यालयात पदाधिकाऱ्यांसमोर वाटपाची यादी ठेवली. दोन हंगामांत पूर्ण रुपयांत आलेल्या फेऱ्यांमधून ३४,८७१ रुपये वाट्यांऐवजी किरकोळ जमा खात्यात गेले होते. हिशोबनीस काका बराच वेळ यादीतल्या नौका बोटाने मोजत राहिले, आणि मग म्हणाले की या खात्यात इतकी जमा कशी हे त्यांना दर मार्चला वाटत असे. नव्या हंगामापासून वाटप पैशांत करायचे आणि भाग न जाणारे पैसे पहिल्या वाट्यापासून एकेक करून द्यायचे, असे ठरले व इतिवृत्तात लिहिले गेले. मागील रकमेचा विषय वार्षिक सभेपुढे जाईल. यादी दोन प्रतींत देऊन पोच घेतली.

संध्याकाळी वाटपाच्या दोन जागांवरील ‘जुना भागाकार’ काढला. हा बदल हाताने, स्वतंत्र कमिटमध्ये केला आणि इतिवृत्ताची तारीख संदेशात लिहिली.

३ ऑगस्ट, शनिवार

परवा हंगाम उघडला, पण समुद्र पाहता संस्थेच्या चारच नौका गेल्या. आज त्यांतल्या एका फेरीचे वाटप नव्या प्रणालीवर झाले. निव्वळ रक्कम योगायोगाने ८,४५० रुपयेच आली आणि वाटेही ११. दोन वाट्यांना ७६८ रुपये १९ पैसे आणि नऊ वाट्यांना ७६८ रुपये १८ पैसे निघाले. बेरीज ८,४५०, किरकोळ जमा शून्य. नौकेच्या तांडेलाने पैसे कशाला छापले असे विचारले, तेव्हा हिशोबनीस काकांनीच त्याला पट्टी समजावून सांगितली.

जुना संगणक दिवाळीपर्यंत कपाटात ठेवायचा, दर शनिवारी आठवड्याच्या पट्ट्या त्यावरही चालवून ताडायच्या. ‘जुना भागाकार’ आता सात जागी उरला आहे. त्यांतल्या सहा जागी सरळ दुहेरी रेघ घालण्याचा नियम लिहून तयार आहे. सातवी बर्फाच्या अहवालातली, तिच्यासाठी पुढच्या आठवड्यात बर्फ कारखान्याच्या बिलांशी दर पडताळायचे आहेत.